खुर्ची, काचेचा गोळा आणि धोबीतलावचा डिसेंबर

इराण्याच्या हॉटेलातली वाकवलेल्या लाकडाची काळी खुर्ची आणि नाताळच्या झाडाला टांगायचा काचेचा गोळा ही दोन्ही मंडळी साधारण एकाच मुलखातली. मला हे फार उशिरा कळलं. चोरबाजारात मटण स्ट्रीटवरच्या एका दुकानात दोघं शेजारी शेजारी दिसली. खुर्ची पायरीवर होती आणि गोळे तिच्याच बैठकीवर, बुटाच्या खोक्यात. खुर्चीचा भाव ऐकून मी गप्प झाले. गोळ्यांचा ऐकून मात्र हसू आलं. दुकानदार म्हणाला, "हसू नका ताई, जर्मन आहे." खुर्चीबद्दल तो तसं म्हणाला नाही, आणि म्हणायला हरकत नव्हती.

त्या खुर्चीचा जनक मायकेल थोनेट हा मूळचा जर्मन सुतार, पुढे व्हिएन्नात स्थायिक झालेला. बीच नावाच्या झाडाचं लाकूड वाफेवर मऊ करून लोखंडी साच्यात वाकवायचं तंत्र त्याने बसवलं आणि 1859 मध्ये चौदा नंबरची खुर्ची काढली. सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुटे भाग एका घनमीटरच्या खोक्यात घातले, तर छत्तीस खुर्च्यांचे मावायचे. बोटीने कुठेही पाठवा, तिकडे कुणीही जोडेल. 1869 मध्ये पेटंट संपलं आणि मग मध्य युरोपातल्या कितीतरी कारखान्यांनी तीच खुर्ची काढली. म्हणून मुंबईत कुणी छातीवर हात ठेवून 'ही असली थोनेट' म्हणालं, तर खुर्ची आधी उलटी करून बघावी. बैठकीच्या कडेला आतून शिक्का किंवा चिठ्ठी असते. असली तर.

गोळा जर्मनीतल्या थुरिंजियाच्या डोंगरातला. लाउशा नावाचं गाव, काचेची पहिली भट्टी 1597 ची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथल्या कारागिरांनी झाडाला टांगायचे काचेचे दागिने करायला घेतले. 1867 मध्ये गावात गॅस आला, ज्योत हवी तशी कमी-जास्त करता यायला लागली आणि काच कागदाइतकी पातळ फुंकता यायला लागली. बाप फुंकायचा, आई आतून चांदीचा थर फिरवायची, पोरं रंग लावायची. सगळं घरात, चुलीशेजारी. 1880 च्या सुमाराला अमेरिकेतल्या वूलवर्थ या दुकानदाराने ते विकायला घेतले आणि मग लाउशाला उसंत मिळाली नाही.

म्हणजे दोन्ही स्वस्त वस्तू. दोन्ही परदेशी पाठवायला म्हणूनच बनलेल्या. आज दोन्हींना 'अँटिक' म्हणतात, पण नशीब दोघांचं सारखं निघालं नाही.

माझं लहानपण ठाकूरद्वारच्या चाळीत गेलं. वडिलांचं ऑफिस फोर्टात होतं. पगार झाला, की पुढच्या शनिवारी ते मला आणि आईला धोबीतलावच्या एका इराण्याकडे न्यायचे. ते हॉटेल आता नाही, तिथे बँक आहे. आम्ही तिघं असल्यामुळे आमची रवानगी कायम 'फॅमिली रूम'मध्ये व्हायची. फॅमिली रूम म्हणजे मागच्या भिंतीला लागून लाकडी फळ्यांनी आडोसा केलेले कप्पे, गुडघ्यापासून खांद्यापर्यंत पोचणारी झुलती दारं. बाहेरचं काही दिसायचं नाही. दिसायचे ते पाय, खालच्या फटीतून, आणि समोरच्या भिंतीवर किंचित पुढे झुकवून लावलेल्या मोठ्या आरशातून वरचं जग. गल्ल्यावरचा पांढऱ्या टोपीतला म्हातारा, त्याच्या पुढ्यातल्या बरण्या, रेसकोर्सचं पान उघडून बसलेले लोक. एकाच वर्तमानपत्राची पानं चार टेबलांवर वाटलेली असायची आणि कुणालाच बातमी पूर्ण वाचायला मिळायची नाही. इराण्याच्या हॉटेलावर पुरुषांनी इतकं लिहिलं आहे, आणि त्या सगळ्यांना ते हॉटेल समोरून दिसलेलं आहे. मला ते आरशातून, उलटं दिसलं. गल्ला माझ्या आठवणीत डावीकडे आहे. आई गेली त्याच्या आधी मी तिला विचारलं होतं, ती म्हणाली उजवीकडे होता.

वेटर न विचारता एक बशी आणून ठेवायचा. तिच्यात दोन मावा केक, दोन खाऱ्या, एक गुलाबी आयसिंगची पेस्ट्री, कधी नानकटाई. खाल्लं तेवढ्याचे पैसे, उरलेलं परत. मावा केकच्या खालचा तेलकट कागद बशीतच ठेवायचा, कारण हिशेब त्या कागदांवर व्हायचा. वडिलांनी एकदा गंमत म्हणून कागद खिशात घातला तर वेटर त्यांच्याकडे बघत उभा राहिला, काही बोलला नाही, फक्त उभा राहिला. कागद बाहेर आला. मग तो तिथूनच गल्ल्याकडे ओरडला, "चष्मावाला फॅमिली, दो चालीस!" आम्ही गल्ल्यापाशी पोचेपर्यंत म्हाताऱ्याने सुटे मोजून ठेवलेले असायचे. अख्ख्या हॉटेलात बिलाचा कागद नव्हता. भुकेल्या मुलीपुढे पेस्ट्री ठेवून 'हात लाव किंवा नको लावू' असं म्हणणारा हा धंदा धूर्त होता, हे आता लक्षात येतं. गुलाबी पेस्ट्रीला हात लावायची परवानगी मला क्वचित मिळायची.

आमच्या घरी अंडं शिजत नव्हतं. आई तिथे फक्त चहा आणि ब्रून मस्का, म्हणजे कडक पाव आणि लोणी, घ्यायची. ब्रून चहात बुडवल्याशिवाय चावत नाही आणि बुडवला की मस्क्याचे पिवळे थेंब चहावर तरंगतात. ते थेंब बशीत घेऊन पिण्याला तिचा पहिला मान.

हे इराणी म्हणजे बहुतेक यझ्द आणि केरमानकडून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला आलेले लोक. आधी हातात किटली घेऊन चहा विकणारे, मग दुकान. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून हिंदू व्यापारी घेत नसत आणि ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असं सगळे सांगतात. असेलही. पण कोपऱ्याला दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक आणि दोन बाजूंचा उजेड मिळतो, हे समजायला शास्त्र बघावं लागत नाही. धोबीतलावला ही दुकानं दाटीने होती. कयानी 1904 चं, ससानियन 1913 चं. समोर बस्तानी होतं, ते केव्हाच मिटलं. ग्रँट रोडला मेरवान 1914 चं, बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानिया 1923 चं.

धोबीतलावलाच गोवेकरांचे क्लब, म्हणजे कूड. गोव्यातल्या एकेका गावाचा एकेक कूड. बोटीवर नोकरी शोधायला किंवा बँडमध्ये वाजवायला मुंबईत आलेल्या गाववाल्याला नाममात्र पैशांत पथारीपुरती जागा, पेटी ठेवायला भिंत, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायची रोझरी. वर कूड, खाली इराणी. खालच्या चहावर वरचे लोक जगायचे. डिसेंबरात तर त्या चौकात उभं राहिलं की फर्टाडोज या वाद्यांच्या दुकानातून पेटीवर कुणीतरी सूर तपासतंय, फुटपाथवर लाल टिश्यूच्या उघडमीट घंटा टांगल्यात, बांबूच्या काड्यांचे कंदील विकायला आलेत आणि बेकरीतून रममध्ये मुरलेल्या मनुकांचा वास येतोय, हे सगळं एकदम अंगावर यायचं. दिवाळीचे कंदील आणि नाताळचे तारे करणारी माणसं तीच होती, हेही इथे सांगून ठेवते. एकाच घरातला कामट्यांचा ढीग दोन सणांना पुरायचा.

ही हॉटेलं का गेली, याची गोष्ट सांगताना लोकांचा गळा भरून येतो आणि मग कुणीतरी पिझ्झ्याला शिव्या घालतो. पिझ्झ्याचा त्यात फारसा हात नाही. बरीचशी हॉटेलं भागीदारीत होती. एका दुकानात तीन-चार कुटुंबं, पाळीपाळीने गल्ल्यावर. तिसऱ्या पिढीला भागीदार डझनावारी झाले आणि पोरं कॅनडा-ऑस्ट्रेलियात गेली. जागा पागडीची. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडं गोठलं, त्यामुळे पाच पैशांच्या चहावरही धंदा टिकला. त्याच कायद्यामुळे घरमालकाने इमारतीला हात लावला नाही. जागेची किंमत आणि चहाची किंमत यांतलं अंतर वाढत गेलं, की एक दिवस बँकेचा माणूस येतो. शिवाय आम्ही. दादरला राहायला गेल्यावर मी पंधरा-पंधरा वर्षं त्या रस्त्याला फिरकले नाही आणि शटर पडल्यावर हळहळले. हळहळीला गल्ल्यावर किंमत नसते.

काळा घोड्याचं सामोवार कॅफे 2015 च्या मार्चअखेर बंद झालं, तेव्हा शेवटच्या आठवड्यात जहांगीर आर्ट गॅलरीच्या त्या चिंचोळ्या व्हरांड्यात उभं राहायला जागा नव्हती. ते 1964 पासून चालू होतं. रोज तेवढी गर्दी असती तर गोष्ट वेगळी झाली असती असं म्हणणार होते, पण तिथे प्रश्न जागेच्या मालकीचा होता, तेव्हा तेही खरं नाही.

आता गोळ्यांकडे येते.

चाळीतून खाली उतरून पाच मिनिटांवर खोताची वाडी. तिथल्या एका ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती, घराशी आमचा फराळाचा व्यवहार होता. दिवाळीत आमच्याकडून चकली-चिवडा, नाताळात त्यांच्याकडून कुलकुलं, नेवऱ्या, मार्झिपान, पेरूचं चीज. आईच्या मते नेवरी म्हणजे आमचीच करंजी आणि कुलकुल म्हणजे शंकरपाळी, फक्त कोऱ्या कंगव्यावर वळलेली. आंटींच्या मते आमच्या करंजीत सारण कमी. हा वाद पन्नास वर्षं गोडीत चालला. आंटी आमच्याशी मराठीच बोलायच्या, त्यांच्या हेलाची.

बाहेरच्या लाकडी जिन्यावरून चढलं की व्हरांडा, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे गोठा मांडायला सुरुवात. मातीची मेंढरं, कापसाचं बर्फ आणि हिरवळीसाठी ताटलीत पेरलेली नाचणी. नाचणी वेळेवर पेरणं हे मोठं काम. लवकर पेरली तर पंचविसापर्यंत पिवळी पडते, उशिरा पेरली तर बाळ येशू नुसत्या मातीवर. झाड म्हणजे सुरूची फांदी, वाळूच्या डब्यात रोवलेली. आणि मग माळ्यावरून ती पेटी खाली यायची.

पेटी पत्र्याची. आत खोकी, खोक्यात पुठ्ठ्याचे चौकोन, प्रत्येक चौकोनात एक गोळा, भोवती जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा. हे गोळे त्यांच्याकडे पोटभाडेकरू म्हणून राहिलेल्या एका गोवेकर तारवटीने, म्हणजे बोटीवरच्या खलाशाने, हॅम्बुर्गहून आणलेले. भाड्याऐवजी की भाड्याबरोबर, यावर घरात एकमत नव्हतं. टोपीवर 'वेस्ट जर्मनी' असा बारीक ठसा. हा ठसा नंतर मला फार कामाचा वाटला, कारण लाउशा युद्धानंतर पूर्व जर्मनीत गेलं. तिथले पुष्कळ कारागीर हद्द ओलांडून कोबुर्गजवळच्या नॉयश्टाटला आले आणि तिथे त्यांनी पुन्हा काच फुंकायला घेतली. म्हणजे खोताच्या वाडीतले गोळे बहुधा निर्वासितांच्या हातचे.

त्यातला एक मला तोंडपाठ आहे. मोठ्या लिंबाएवढा, बाहेरून गडद गुलाबी, एका बाजूला आत दाबलेली खळगी आणि त्या खळगीत चांदीच्या रेघांचं चक्र. कुठूनही बघितलं की उजेड त्या खळगीत गोळा झालेला. टोपीजवळचा रंग दरवर्षीच्या बोटांनी गेलेला, तिथे आतली चांदी दिसायची आणि तिच्यावर तपकिरी डाग. उचलला तर हातात काही आहे असं वाटायचं नाही. आंटी म्हणायच्या, "हात नको लावू गो, फुटल." आणि मग स्वतःच माझ्या हातात द्यायच्या, दोन्ही हातांची ओंजळ करायला लावून.

सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, सगळं पुन्हा कागदात आणि पेटी माळ्यावर.

त्या गोळ्यांना वर्षातून जेमतेम तीन आठवडे कामाला लागायचं, उरलेलं वर्ष अंधारात पडून राहायचं. इराण्याची खुर्ची पहाटे पाचला कामाला लागायची आणि रात्री टेबलावर उलटी झाल्यावरच सुटायची. तिची वेताची बैठक फाटली, मग प्लायची आली, मग तीही फाटली आणि पुढे फॉरमायका. काच टिकली आणि लाकूड झिजलं यात नवल काहीच नाही, उलट कसं झालं असतं? पण आपण मागे वळून बघतो तेव्हा टिकलेल्या वस्तूला जपलेली म्हणतो आणि झिजलेलीला विसरलेली. त्या खुर्चीला कुणी विसरलं नव्हतं. तिच्यावर बसत होते. संग्राहक वृत्तीशी माझं भांडण आहे ते इथे.

संग्राहकांच्या जगात मजेशीर गोष्टी चालतात, हेही खरं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन माल बंद झाल्यावर अमेरिकेत कॉर्निंग कंपनीने विजेचे बल्ब फुंकायच्या यंत्रावर गोळे काढले. पुढे युद्धामुळे चांदी आणि धातू मिळेना, तेव्हा ते बिनचांदीचे, पारदर्शक, कागदी टोपीचे निघायला लागले. त्या तुटवड्याच्या गोळ्यांचे आज शौकीन आहेत. 'ऑक्युपाइड जपान' असा ठसा असलेल्या वस्तू 1947 ते 1952 एवढ्याच काळातल्या, म्हणून त्यांनाही भाव. आणि सगळ्यांत जुने ते जाड काचेचे वजनदार 'कूगेल'. त्यांची पितळी टोपी थेट गोळ्यावर बसते, खाली काचेची मान नसते. मान दिसली तर शंका घ्यावी. कारण नकली कूगेल सर्रास निघतात, आणि कुठून? आपल्याच देशातून. जगभरचे शौकीन एकमेकांना 'इंडियन माल बघून घ्या' म्हणून बजावत असतात. चोरबाजारातल्या माझ्या खोक्यातल्या गोळ्यांनाही लांबलचक माना होत्या. दुकानदाराला तसं दाखवलं तर म्हणाला, "मान आहे म्हणून तर दोरी बांधता येते." याला उत्तर नाही.

खुर्च्यांचं मात्र निराळंच चाललं आहे. मिटलेल्या हॉटेलांतल्या खुर्च्या, संगमरवरी टेबलं, आरसे चोरबाजारातून उचलले जातात आणि नव्या 'इराणी' रेस्टॉरंटांत बसतात. लंडनमध्ये 2010 साली डिशूम उघडलं, तिथे लोक पाव-खिम्यासाठी रांगा लावतात. मला त्याचा राग येत नाही. जेवण चांगलं असेल तर असू दे. फक्त एक चुकतं. तिथे भिंतीवरच्या 'केस विंचरू नका, मोठ्याने बोलू नका' या पाट्या विनोद म्हणून लावलेल्या असतात. आमच्या इराण्याच्या भिंतीवर त्या दम म्हणून होत्या, आणि बेसिनपाशी कुणी कंगवा काढला तर गल्ल्यावरून हाक यायची.

खोताच्या वाडीत एकेकाळी पासष्टेक घरं होती, आता निम्मीही उरलेली नाहीत. आंटींचं घर गेलं. त्या मुलीकडे वसईला राहतात, वय नव्वदीच्या पुढे, कान तिखट. पेटी त्यांच्याबरोबर गेली. गोळ्यांपैकी निम्मे शाबूत आहेत, बाकीचे मांजरांनी आणि नातवंडांनी संपवले.

केकचं सांगायचं राहिलं. आंटींकडे पूर्वी ओव्हन नव्हता. वाडीत बऱ्याच घरांत नव्हता. मनुका, टूटीफ्रुटी, संत्र्याच्या साली महिनाभर रममध्ये मुरत. मुंबईत दारूबंदीचा कायदा 1949 चा, तेव्हा रमसाठी अंकलचं परमिट. मग नाताळच्या आधीच्या आठवड्यात घोळलेलं मिश्रण पत्र्याच्या साच्यांत भरून, साच्याच्या बुडाला खडूने नाव लिहून, पोरांच्या डोक्यावरून बेकरीत. बेकरीवाला पहाटेचे पाव काढून झाल्यावर भट्टी उतरत्या आंचेला आली की केक आत सरकवायचा. रांग मोठी. कुणाचा करपायचा, कुणाचा मधे कच्चा राहायचा, एखाद्याचा दुसऱ्याच्या घरी जायचा आणि चवीवरून ओळखला जायचा. मीही एका वर्षी साचे घेऊन गेले आहे. भट्टीचं तोंड उघडलं तेव्हा भुवया तापल्या होत्या.

2025 च्या सुरुवातीला उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेवर जायला सांगितलं गेलं. चव जाणार, पाव जाणार म्हणून खूप आरडाओरडा झाला. ब्रूनच्या पापुद्र्याबद्दल मी काही बोलत नाही, तो लाकडावर वेगळा होतो हे खाणाऱ्याला कळतं. खर्चही छोट्या बेकरीला झेपणारा नाही. पण भट्टीच्या वर पहिल्या मजल्यावर राहणाऱ्यांची बाजू मला कुणी मांडताना दिसलं नाही. त्यांच्या खिडक्या बारा महिने बंद असत.

आंटींची मुलगी आता वसईत ओटीजीत केक करते. गेल्या डिसेंबरात मी दोन तुकडे खाल्ले, तिसरा बांधून घेतला. केक आता जास्त चांगला होतो. मधे कच्चा राहत नाही, बुडाला करपत नाही, धुराचा वास नाही आणि रमही सढळ. पलंगावरून आंटींनी विचारलं, "कसा झाला गो?" मी म्हणाले, "तुमची सर नाही." मुलीने माझ्याकडे बघितलं आणि चौथा तुकडा परत डब्यात ठेवला.